हाक न मारणारं घर

२५ ऑक्टोबर २००९, रविवार. काम: कारखान्याचा माळा रिकामा करणे.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा कारखाना बंद झाला. कारखाना म्हणजे फार मोठं काही नव्हे, आमच्याच घराचा खालचा मजला. खाली तांब्या-पितळेची भांडी घडायची आणि वर आम्ही राहायचो. आता ती जागा मोबाइलच्या दुकानाला द्यायची आहे, म्हणून भंगारवाला यायच्या आत माळा उपसायला मी पदर खोचून शिडीवर चढले.

दुसरं एक काम आहे, ते मात्र पदर खोचून होण्यासारखं नाही. माझी मुलगी शीतल बारावीला आहे. ती जन्मापासून बहिरी आहे, कानाला मशीन लावते, थोडं ऐकते, बरंचसं ओठांवरून ओळखते आणि आपल्या पद्धतीनं स्वच्छ बोलते. दहावीला तिला चांगले गुण होते. दिवाळीच्या फराळाला बसलो असताना तिनं सांगितलं, यंदा परीक्षेला बसत नाही. का, तर अभ्यास होत नाही. तिचे बाबा म्हणाले, "इतकी वर्षं खाली ठोकाठोक चालू होती तेव्हा व्हायचा, आणि आता घर शांत झालं तर होत नाही?" आलेले पाहुणे म्हणाले, तिला आवाज काय आणि शांतता काय. मीही जवळपास तेच म्हणाले. ती उठून गेली.

आज सकाळपासून ती सारखी जिन्यात येते. खाली डोकावते, मला बघते, परत वर जाते. काय हवंय विचारलं तर मान हलवते. मी शिडीवरून एकेक परात खाली देत राहिले.

माळ्यावर अजून वास आहे. जळक्या कोळशाचा, चिंचेच्या पाण्याचा आणि नवसागराचा. कल्हई करताना तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, डोळ्यांत चुरचुरायचा, नाकात गोडसर-तिखट बसायचा. त्या धुरातून भांड्याचं पोट चंद्रासारखं उजळत बाहेर यायचं. तो वास कपड्यांना लागायचा, केसांना लागायचा, भाकरीच्या पिठालाही लागायचा. आज माळ्यावरचं एक पोतं झटकलं तर तोच धूर वर आला. मी शिंकले आणि तिथेच, पोत्यावरच, जरा बसले.

१९९० साली लग्न होऊन मी नाशिकमधल्या तांबटांच्या या आळीत आले. माझं माहेर नाशिकरोडला, वडील पोस्टात. आमच्याकडे आवाज म्हणजे रेडिओ आणि रेल्वेची शिट्टी. इथे पहिल्या सकाळी जाग आली ती आवाजानं नव्हे, हादऱ्यानं. लाकडी तक्तपोशी अंगाखाली थरथरत होती, ताकातल्या रवीसारखी. खाली माझे सासरे, नाना, आणि माझा नवरा घागरी मठारत बसले होते. मठारणं म्हणजे घडलेल्या भांड्यावर शेवटचे, एकसारखे ठोके देत जाणं, सगळं पोट खवल्यांनी भरेपर्यंत. आमच्या शेजारी तेच चाललेलं, समोर तेच, आणि आळीच्या टोकापर्यंत तेच. भद्रकालीकडून येणारा माणूस आळी दिसायच्या आधीच कानावर हात ठेवायचा.

त्या आवाजात कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. वरून खाली कळवायचं असेल तर तक्तपोशीवर टाच आपटायची. जेवण तयार झालं की जिन्याच्या कठड्यावर उलथनं मारायचं, आणि खालची माणसं कठड्याला लागून असलेल्या खांबाला पाठ टेकून बसलेली असायची, त्यांना ते पाठीत कळायचं. पाणी हवं तर अंगठा ओठाशी. गिऱ्हाईक आलं तर दोन बोटं कपाळाला, टोपीसारखी. गिऱ्हाईक घासाघीस करणारं असेल तर तीच बोटं जरा वाकडी. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, ही माणसं माझ्याशी बोलत का नाहीत. नंतर कळलं, ती दिवसभर माझ्याशीच बोलत होती. मला वाचता येत नव्हतं.

नानांचे कान तोवर जवळपास गेलेच होते. आळीतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचे गेलेले. त्याला कुणी आजार म्हणत नसे, हाताला घट्टे पडतात तसं धरून चालत. घागर तयार झाली की नाना तिच्या काठावर हनुवटी टेकवायचे, डोळे मिटायचे आणि बोटानं टिचकी मारायचे. नाद त्यांना हाडातून कळायचा. जोड कच्चा असेल तर डोळे न उघडताच घागर बाजूला सारायचे. माझ्या सासूबाई, माई, यांना उलट ऐकू सगळं यायचं, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललेला. दुपारी काम थांबलं की दोघं उंबऱ्यात बसत. समोरून कोण गेलं ते नाना सांगत, ते माणूस काय बोललं ते माई सांगत. दोघांच्यात मिळून एक धड माणूस होतो, असं माई म्हणायच्या, आणि ते नानांना ऐकू जायचं नाही.

शीतल झाली ती ब्याण्णवच्या थंडीत. बाजारात द्राक्षं यायला लागली होती आणि लग्नसराईची भांडी घडत होती, म्हणजे आळीत सर्वांत जास्त आवाजाचे दिवस. ऐरणीच्या बरोब्बर वर, तक्तपोशीवर गोधडी टाकून तिला निजवायचं, आणि ती हाताच्या मुठी सैल सोडून झोपून जायची. कळवणकडचं एक कुटुंब रुखवताचे हंडे न्यायला आलं होतं. त्यातली बाई पाणी प्यायला वर आली आणि पोरीकडे बघतच राहिली.

"केवढी गुणी पोर शे, बाई. आमना पोऱ्या ते पान हालनं तरी जागा व्हई जास."

माई फुशारल्या. "तांबटाचं लेकरू आहे. ठोके थांबले तर उठेल."

आणि ते खरं होतं, इतर लेकरांच्या बाबतीत. आळीत अमावास्येला कुणी हातोडी धरत नसे. महिनाभराच्या गोंगाटानंतर त्या दिवशी आळी रिकाम्या हंड्यासारखी वाटायची. कबुतरांचं घुमणं, नळाचं गळणं, कुणाच्या तरी घरात चाललेली जात्याची घरघर, सगळं एकदम जवळ येऊन बसायचं. आणि आळीतली सगळी तान्ही पोरं त्या दिवशी किरकिरायची. ठोक्यांच्या झोक्यात झोपायची सवय, तो झोकाच नाही. म्हाताऱ्या म्हणायच्या, अमावास्या बाधली. मग घरोघर मीठ-मोहऱ्या उतरवायच्या, चुलीत टाकायच्या, मिरच्यांचा ठसका सगळ्या आळीत. आमच्या घरी कधी दृष्ट काढावी लागली नाही. शीतल अमावास्येलाही तशीच गाढ, किंवा जागी असली तर पायाच्या अंगठ्याशी खेळत. शेजारच्या काकू मुद्दाम बघायला येत. माई म्हणत, आमच्या पोरीला कशाची बाधा नाही.

दोन वर्षं आम्ही त्या कौतुकात काढली. ती बोलत नव्हती, पण घरात बोलत होतं कोण? तिला पाणी हवं असलं की अंगठा ओठाशी न्यायची, भूक लागली की कठड्यावर चमचा मारायची. मी टाच आपटली की लगेच वळून बघायची. गिऱ्हाईक आलं की दोन बोटं कपाळाला, आणि एकदा एका गिऱ्हाइकाच्या तोंडावर तिनं ती वाकडी केली, तेव्हा नाना हसून हसून ठसकले होते. आमच्या घरासारखं पोर आमच्या घरात वाढत होतं.

ती पौषातली अमावास्या असावी. दारात कोवळं ऊन होतं, शीतल पाठमोरी बसून बोरं खात होती आणि बिया एका ओळीत मांडत होती. आळी इतकी शांत होती की बोराचा चावा ऐकू येत होता. शांतच होतं म्हणून, सहज, मी माहेरी मारत असे तशी हाक मारली. "शीतल." तिनं दुसरं बोर घेतलं. मी जरा मोठ्यानं मारली. समोरच्या घरातून कुणीतरी "ओ" दिली. मग मी टाच आपटली. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली, तोंडभर बोर.

मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि दुपारचा स्वयंपाक केला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. रात्री कुणी जेवलं नाही असं काही झालं नाही, जेवलो सगळे.

कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो, मी, नाना आणि शीतल. त्यांनी तिच्या मागे खुळखुळा वाजवला, टाळी वाजवली, मग एक नादकाटा वाजवून कानाशी धरला. शीतल डॉक्टरांच्या टेबलावर हनुवटी टेकवून बसली होती, नानांसारखी, आणि टेबल काही सांगतंय का ते बघत होती.

डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षांची होऊन गेली ही. घरी कधी हाक मारून बघितली नाही का?"

"आमच्या घरी कुणी हाक मारत नाही," मी म्हणाले.

त्यांना तो उद्धटपणा वाटला. मी मग हादऱ्याचं, टाचेचं, उलथन्याचं सगळं सांगितलं. ते पेन ठेवून ऐकत राहिले. नाना मध्येच माझा खांदा हलवून विचारू लागले, आणि स्वतःचा आवाज त्यांना कळत नसल्यानं सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं: "विचार त्यांना, माझ्या हातोडीनं गेले का हिचे कान?"

डॉक्टर खुर्ची ओढून नानांच्या समोर आले. त्यांनी बोट स्वतःच्या पोटावर ठेवलं, मग शीतलकडे दाखवलं. "पोटातच. जन्माच्या आधी. कानाच्या आतली नसच कमजोर. तुमच्या हातोडीनं तुमचे गेले, हिचे नाही."

नानांनी त्यांच्या ओठांकडे बघून मान हलवली. डॉक्टरांनी त्यांचेही कान तपासू म्हटलं तर उठून उभे राहिले. "मला काय करायचंय ऐकून? ही घरातली काय बोलते ते माझं पाठ आहे." ही म्हणजे माई.

शीतलला मशीन आलं ते खिशातलं. आगपेटीहून जरा मोठी डबी छातीवर आणि दोन वायरी कानांत. डबीसाठी माईंनी खणाची पिशवी शिवली. त्यांना दिसत नव्हतं म्हणून सुईत दोरा जिभेच्या टोकानं ओवायच्या. पिशवीला दोन बंद, पाठीवर गाठ. मशीन नीट बसलं नाही की बारीक शिट्टी वाजायची, माई स्वयंपाकघरातून सांगायच्या, "पोरीची शिट्टी होतेय गं," कुकरचं सांगावं तसं.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा घरी येत. पहिल्याच दिवशी त्या जिन्यात थबकल्या. खाली ठोके चालू होते. मशीन लावलेली शीतल त्या आवाजात दोन्ही कान दाबून किंचाळत होती, आणि मशीन काढलं की शांत होऊन तक्तपोशीवर गाल टेकत होती.

"घर बदला," बाई म्हणाल्या. "या आवाजात हिच्यापर्यंत शब्द कसा पोचणार?"

घर बदलणं म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. मग मी वेळ शोधायला लागले. भट्टी पेटायच्या आधीची पहाट, जेवणाची सुट्टी, आणि अमावास्या. आळीतल्या लोकांना अमावास्या नको असायची, मी पंचांगात तिची वाट बघायची. तो आमचा शब्दांचा दिवस. त्या दिवशी सकाळपासून मी बोलत सुटायची. हे पीठ. हे मीठ. ही माई. हा कावळा. ही घागर, घागरीत पाणी, पाण्यात हात. माझा स्वभाव बोलका नाही, संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. आवाजाची थरथर कळावी म्हणून तिचा एक हात माझ्या गळ्यावर, एक स्वतःच्या नाकावर. आळीतून पोरांची किरकिर यायची, मिरच्यांचा धूर यायचा, आणि आम्ही दोघी उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत सरकत भिंतीपर्यंत जायचो. त्या दिवसांची मला क्रमवारी आठवत नाही. एकच लांब दुपार आठवते, पिवळी, चिंचेच्या पाण्यासारखी.

अशाच एका अमावास्येला नाना समोर बसून सुपारी कातरत होते. शीतलनं नाकावरचा हात काढला नाही. "ना," म्हणाली, आणि थांबून पुन्हा, "ना." दोन तुकडे, मध्ये खाच. नानांना ऐकू गेलं नाही. ते सुपारीच कातरत होते. माईंना दिसलं नव्हतं, पण ऐकू आलं होतं. त्यांनी चाचपडत नानांचा गुडघा शोधला आणि त्यावर थापा मारायला लागल्या. "अहो, तुम्हाला हाक मारली तिनं. तुम्हाला." नानांनी माझ्याकडे बघितलं. मी शीतलकडे बोट केलं. मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, आपला खरबरीत अंगठा तिच्या गळ्याला लावला आणि वाट बघत बसले. तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी डोळे मिटले.

पुढची वर्षं भराभर गेली. पंचवटीतल्या शिबिरात माईंचा मोतीबिंदू काढला. हिरवी पट्टी सुटली, काळा चष्मा आला, आणि घरी येऊन त्यांनी नानांना कित्येक वर्षांनी नीट बघितलं. "केवढे म्हातारे झालात हो," म्हणाल्या. नाना म्हणाले, "हो, चहा टाक." शीतल शाळेत जायला लागली, पहिल्या बाकावर. खिशातलं मशीन जाऊन कानामागचं आलं. शाळेतून आली की ती मशीन काढून डबीत ठेवायची आणि खाली नानांच्या ऐरणीच्या लाकडी ठोकळ्याला पाठ लावून गृहपाठ करायची. मोठी झाल्यावर वर, तक्तपोशीवर, पोटावर पडून. नाना गेले, वर्षभरात माई गेल्या. सुरगाण्याहून जीप भरून येणारी माणसं स्टीलच्या दुकानाकडे वळू लागली. आळीतला एकेक आवाज बंद होत गेला, पण आमचा, एकट्या माणसाचा का होईना, सकाळी सुरू व्हायचा.

पोत्यावर बसून मी किती वेळ काढला कोण जाणे. शीतल पुन्हा जिन्यात आली होती. मशीन कानाला नव्हतं. या वेळी मी तिला जाऊ दिलं नाही. शिडी उतरून तिच्यासमोर उजेडात उभी राहिले.

"काय बघायला येतेस सारखी?"

"तू आहेस का ते."

"मी कुठे जाणार?"

ती शेवटची पायरी उतरली. मग म्हणाली, "आधी कळायचं. बाबा खाली आहेत. जेवायला थांबले. परत बसले. तू चाललीस, तू भांडं ठेवलंस. जमीन सांगायची." तिनं पाय जमिनीवर चोळला. "आता घर बंद पडलंय. मला वाटतं सगळे गेले. वाचता वाचता वाटतं. मग बघायला येते. मग काय वाचलं ते विसरते."

"मग मशीन लावून अभ्यास कर."

"त्यात पंखा ऐकू येतो फक्त."

आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यावर शांतता आणली होती. पाहुण्यांपासून आम्हा दोघांपर्यंत प्रत्येकाला वाटलं होतं की ठोके बंद झाले तर घरात एका माणसाला काही फरक पडणार नाही, आणि ते माणूस ही.

"म्हणून परीक्षा नको?"

"म्हणून नको."

मी शिडीकडे वळले. परातींचा ढीग उरकला, पोती बाहेर काढली, हातपाय धुतले. तिचे बाबा आल्यावर सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी तिच्यासाठी रोज खाली बसून नुसतं पत्र्यावर ठोकू का?" विनोद करत नव्हते. मी म्हटलं, ते किती दिवस करणार, आणि खाली मोबाइलवाला येणार त्याचं काय. भांडी आवरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. घर खरोखरच बंद पडलेलं होतं. आणि तरी फडताळातला एक पेला दुसऱ्या पेल्याला लागून अगदी बारीक किणकिणत होता. मी हात लावला, थांबला. हात काढला, पुन्हा सुरू. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी आहे. मी या घरात येण्याआधीपासूनची. आमच्या ठोक्यांपुढे तिची कधी दखल घेतली नव्हती, आणि अमावास्येला तीही बंद असायची.

२६ ऑक्टोबर, सोमवार. आज सकाळी मी शीतलचं टेबल पुढच्या खोलीतून ओढत स्वयंपाकघरात आणलं आणि फडताळ बाजूला सारून ते त्या भिंतीला लावलं.

"इथे? फोडणीत?"

"हात लाव."

तिनं तळवा भिंतीला लावला, मग गाल. गिरणी नुकतीच सुरू झाली होती.

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत. पण माणूस आहे. पलीकडे उभं आहे, दळतंय. आणि मी इथे तुझ्या पाठीशी आहे, मान वळवलीस की दिसेन."

तिनं भिंतीवरून गाल काढला. खुर्ची आणली, पाय भिंतीला टेकवले आणि रसायनशास्त्र उघडलं. मी चपला घालून गिरणीत गेले. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला, त्याला विचारलं, दुपारी किती वेळ चालू असते.

"दळण असलं तर चालू वहिनी, नसलं तर बंद. सध्या दुपारी कोण येतंय?"

घरी येऊन मी गहू, ज्वारी, बाजरी आणि हरभऱ्याची डाळ काढली. एरवी सगळं एकदमच देते. आज चार वेगळ्या डब्यांत भरलं. गहू लगेच देऊन आले, बाकीचे डबे दुपारी एकेक करून न्यायला दाराशी ओळीनं ठेवले, आणि समोरच्या काकूंकडे जाऊन म्हटलं, तुमचं दळण यापुढे दुपारचं मी नेत जाईन.